हत्ती नदी ओलांडीत नाही

आपल्या बुद्धिबळात हत्ती सरळ धावतो आणि उंट तिरका. चिनी पटावर सरळ धावतो तो रथ. हत्ती तिथे तिरका जातो, तोही नेमक्या दोनच पावलांनी, आणि पटाच्या मध्यावरची नदी तो कधीच ओलांडीत नाही. घर राखणे एवढेच त्याचे काम. बिचारा हत्ती! पण चाल जुनी खरी त्याचीच. इराणी-अरबी शतरंजात आपल्या उंटाच्या जागी हत्तीच असे आणि तोही असाच तिरका दोन घरे जाई. या साऱ्यांचे मूळ आपल्या चतुरंगात, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. चीनमध्ये ते सर्वांनाच मान्य नाही.

या खेळाकडे मी वळलो तो आडवाटेने. अमेरिकेतल्या इंटरप्ले कंपनीने १९८८ साली संगणकासाठी 'बॅटल चेस' काढला. त्यात मोहरा मारला गेला की पडद्यावर दोघांची चांगली हातघाई जुंपे. पुढे १९९० च्या सुमारास तिनेच चिनी बुद्धिबळालाही तसाच साज चढविला. माझ्या एका विद्यार्थ्याने तो जुना खेळ मला दाखविला. युक्ती नामी होती, कारण चिनी सोंगट्या म्हणजे नुसत्या गोल चकत्या. त्यांवर अक्षर कोरलेले. अक्षर न वाचणाऱ्या परक्याला हत्ती कोणता नि तोफ कोणती, काय कळणार? चित्रांनी ती अडचण दूर केली. मारामारी मात्र दोनदा पाहिली की तिसऱ्यांदा जांभई येते, हे सांगितलेच पाहिजे.

खरी लढाई पटावरच लिहिलेली आहे. नऊ उभ्या आणि दहा आडव्या रेघा. सोंगट्या घरांत नव्हे, रेघा छेदतात तिथे बसतात. मधल्या मोकळ्या पट्ट्यावर बहुधा चार अक्षरे असतात : चूची नदी, हानची सीमा. छिन साम्राज्य कोसळल्यावर इ.स.पूर्व २०६ पासून चूचा श्यांग यू आणि हानचा ल्यू बांग हे दोघे राज्यासाठी झुंजले. २०३ साली एका कालव्याची सीमा ठरवून तह झाला. ल्यू बांगने तो मोडला. पुढल्याच वर्षी गायश्याच्या रणात चूची फौज बुडाली.

इतिहासकार सिमा च्यान पुढची हकीकत सांगतो. श्यांग यू पळत पळत वू नदीच्या काठी आला. नाव तयार होती. पण आठ हजार तरुण घेऊन तो पूर्वी याच मुलखातून निघाला होता आणि आता त्यांतला एकही सोबत नव्हता. त्यांच्या वाडवडिलांना तोंड कसे दाखवायचे? आपला लाडका घोडा त्याने नाववाल्याला दिला, पायीच लढला आणि शेवटी स्वतःच्या हाताने गळा कापून घेतला.

पटावर राजा नाही, सेनापती आहे. नऊ छेदांच्या महालाबाहेर तो पाऊल टाकीत नाही, मग नदी कुठली! नदी ओलांडतात रथ, घोडे, तोफा. आणि पाच शिपाई. पलीकडे गेल्यावर शिपायाला आडवे चालण्याची मुभा मिळते. त्याचा वजीर होत नाही, आणि मागे फिरणे त्याच्या चालीत नाही.