मेल्या माणसाची नोंद आणि जित्या माणसाचा हक्क

अंतरवाली सराटी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? उपोषणाचा मांडव, 1 सप्टेंबर 2023 चा लाठीमार, 14 ऑक्टोबरची सभा, 20 जानेवारी 2024 ला मुंबईकडे निघालेली पदयात्रा. हे सगळं आपण टीव्हीवर पाहिलं आहे, त्यामुळे ते आज पुन्हा सांगत नाही. आज आपण या आंदोलनाच्या पोटातल्या एका साध्या कागदाविषयी बोलणार आहोत. हा कागद म्हणजे मृत्यूची नोंद. गाव कुठलं, तर जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं. आणि प्रश्न असा, की साठ-सत्तर वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या नावापुढे कुणी काय लिहिलं, यावर आज त्याच्या पणतवाचं शिक्षण आणि नोकरी का अवलंबून राहते?

29 ऑगस्ट 2023 ला मनोज जरांगे पाटील अंतरवालीत उपोषणाला बसले. मराठवाड्यातल्या मराठ्यांना कुणबी म्हणून दाखले द्या, ही मागणी होती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. समितीने काय तपासायचं? खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, 1951 चं नागरिकांचं रजिस्टर आणि यांच्याच बरोबरीने जन्म-मृत्यूचं रजिस्टर, म्हणजे गाव नमुना 14. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. ऑक्टोबरअखेर सरकारने आकडा सांगितला: मराठवाड्यात सुमारे 1 कोटी 72 लाख नोंदी पाहिल्या आणि कुणबी अशा 11,530 सापडल्या. हजारात एकसुद्धा नाही! ही नोंद इतकी दुर्मिळ का, हे कळायला आपल्याला मागे जावं लागतं.

ब्रिटिश हिंदुस्थानात जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा एक कायदा 1886 साली झाला. पण त्यातली नोंदणी ऐच्छिक होती. खरी मोजदाद चालायची ती प्रांताप्रांतांच्या नियमांनी, आणि तीही गावकामगारांमार्फत. सरकारला माणसाचं नाव फारसं नको होतं, रोग हवा होता. पटकी किती, देवी किती, ताप किती, प्लेग किती, असे रकाने असत. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, 1918 मध्ये इन्फ्लुएंझा आला. त्या साथींत किती माणसं गेली याचे अंदाज आपण आज मांडतो, ते गावोगावच्या अशाच नोंदी आणि जनगणना समोर ठेवून. म्हणजे ही वही मुळात आरोग्य खात्यासाठी होती. जातीचा पुरावा म्हणून ती कधी लागेल, हे लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसणार.

आता अंबडकडे येऊ. हा मुलूख ब्रिटिशांचा नव्हता, निजामाचा होता. 1886 चा कायदा इथे लागू नव्हता. गावात माली पाटील वसुली बघे, पोलीस पाटील बंदोबस्त बघे आणि पटवारी दप्तर ठेवी. वरच्या कारभाराची भाषा आधी फारसी होती, 1880 च्या दशकात ती उर्दू झाली. गावातलं लिखाण मोडीत. सन फसली. त्यामुळे जुना कागद हातात आला तरी तो वाचायला दोन लिप्या आणि एक हिशोब यावा लागतो. हैदराबादच्या फसली सनात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो. 1348 फसली म्हणजे 1938-39. हा हिशोब चुकला तर आजोबा नातवानंतर जन्मतात, बरं का!

पुढे 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली. 1956 साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्रात. अंबड तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 ला. एका गावाच्या दप्तराने पन्नास वर्षांच्या आत एक संस्थान, तीन राज्यव्यवस्था आणि दोन जिल्हे पाहिले. प्रत्येक बदलात गाठोडी इकडून तिकडे गेली. काही हैदराबादेत राहिली. म्हणून तर समितीला थेट हैदराबाद गाठावं लागलं. तेव्हा ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘तसं नव्हतंच’ असा घेऊ नये. अनेकदा त्याचा अर्थ एवढाच असतो, की नोंद झाली नाही, किंवा झाली पण वही टिकली नाही.

कोतवाल बुकाची आणखी एक गंमत आहे. आपल्याला वाटतं, वंशावळीसाठी जन्माची नोंद जास्त उपयोगाची. प्रत्यक्षात उलटं घडतं. जन्म नोंदवताना बारसं झालेलं नसे. त्यामुळे ‘अमक्याला मुलगा’ एवढंच लिहिलेलं सापडतं. त्या बापाला चार मुलगे असतील तर हा कितवा, हे ओळखायचं कसं? मरताना मात्र माणसाला नाव असतं, बापाचं नाव असतं, वय असतं. म्हणून मृत्यूची नोंद पुराव्याला जास्त पक्की ठरते. बायकांच्या बाबतीत तेवढंही नाही. बऱ्याचदा ‘अमक्याची बायको’ एवढ्यावर काम भागवलेलं असतं. आयुष्यभर राबलेल्या बाईचं नाव मरणाच्या वहीतही येत नाही.

आणि ही बातमी गावाच्या पाटलापर्यंत, नातेवाइकांपर्यंत कोण नेत असे? बलुतेदारीत मरणाचा सांगावा नेण्याचं काम महारांवर लादलेलं होतं. ऊन असो, रात्र असो, पायी जायचं. हे वतन म्हणजे गुलामी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1920 च्या दशकापासून मुंबई कायदेमंडळात मांडलं. मुंबई राज्यात ही कनिष्ठ वतनं 1958 च्या कायद्याने गेली. आज जातीचा पुरावा म्हणून आपण ज्या वह्या धुंडाळतो, त्या वह्यांना बातमी पुरवणारी व्यवस्थाही जातीवरच उभी होती. हे विसरून ती वही वाचता येत नाही.

आता कायद्याकडे वळू. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 साली झाला आणि महाराष्ट्रात 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. नोंदणी सक्तीची झाली, देशभर एक पद्धत आली. खेड्यात निबंधक म्हणजे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. जिल्ह्याला जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी हे जिल्हा निबंधक.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट बघा. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी पुरावा हवा असतो 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. सक्तीचा कायदा आला 1970 ला. आणि या कायद्याखालच्या मृत्यू दाखल्यावर जातीचा रकानाच नाही! नाव, लिंग, तारीख, ठिकाण, आई-वडील किंवा जोडीदार, पत्ता, नोंदणी क्रमांक. संपलं. म्हणजे ज्या काळात नोंदणी नीट होऊ लागली त्या काळातला कागद जातीबद्दल गप्प आहे, आणि ज्या काळातला कागद बोलतो त्या काळात नोंदणी नीट नव्हती. अंतरवालीच्या मांडवात जो पेच होता, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

या पेचाची दुसरी बाजूही आपण ऐकली पाहिजे. अंतरवालीपासून जवळच वडीगोद्रीला जून 2024 मध्ये ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून लक्ष्मण हाके उपोषणाला बसले. नोंदीच्या आधाराने दाखले वाढले तर आमच्या वाट्यात वाटेकरी वाढतील, ही त्यांची भीती. एकाच अंबड तालुक्यात, थोड्या अंतरावर दोन मांडव आणि वाद एकाच प्रकारच्या कागदाचा. 2 सप्टेंबर 2025 ला सरकारने हैदराबाद गॅझेटियरचा निर्णय काढला. ज्यांच्याकडे जमिनीचा पुरावा नाही त्यांना 1967 पूर्वीच्या वास्तव्याचं प्रतिज्ञापत्र देण्याची वाट ठेवली आणि चौकशीसाठी गावपातळीवर समिती नेमली. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आपण एवढंच नोंदवू, की कागद कमी पडला तेव्हा सरकारला पुन्हा गावाच्या आठवणीकडे वळावं लागलं.

पण मृत्यूचा दाखला फक्त आरक्षणासाठी लागतो असं नाही. समजा, या भागातलं एक जोडपं ऊसतोडीला गेलं आणि नवरा तिकडच्या फडात वारला. बायको प्रेत घेऊन गावी येते. दहावा-तेरावा होतो, मग ती ग्रामपंचायतीत जाते. तिथे उत्तर मिळतं, नोंद इथे होणार नाही. आणि कायद्याने ते बरोबर आहे. मृत्यू जिथे घडला तिथल्या निबंधकाकडे नोंद होते, माणूस कुठला रहिवासी हे त्यात बघत नाहीत. घाटी रुग्णालयात मृत्यू झाला तर छत्रपती संभाजीनगरलाच. चालत्या गाडीत झाला तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबली तिथे. हा नियम माहीत नसल्यामुळे महिने जातात. तोवर सातबाऱ्यावर वारस लागत नाही, बँकेतले पैसे निघत नाहीत, निराधार योजनेचा अर्ज अडतो. बाई विधवा झाली हे सगळ्या गावाला माहीत असतं, फक्त कागदाला माहीत नसतं.

मुदतीही लक्षात ठेवा. 21 दिवसांत नोंद विनाशुल्क. त्यानंतर तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क. तीस दिवस ते एक वर्ष, जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. पूर्वी हा आदेश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. 2023 च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. खोट्या दाखल्यांचा गवगवा झाल्यावर 2025 मध्ये महाराष्ट्राने उशिराच्या नोंदींची पद्धत कडक केली. शोधूनही नोंद सापडली नाही तर ‘नोंद आढळत नाही’ असा लेखी दाखला मागता येतो. तो जरूर मागा. ‘नाही’ हेसुद्धा लेखी असलं की पुढचं दार उघडतं.

कोविडचा काळ आठवा. दाखला होता, तरी लोक हवालदिल होते. कारण या कायद्याप्रमाणे मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण छापायचंच नसतं. आणि 50 हजारांच्या मदतीसाठी नेमकं कारण सिद्ध करायचं होतं. 30 जून 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले, सप्टेंबरमध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि त्यासाठी वेगळा कागद द्यायचं ठरलं. जुन्या वहीत रोग असे आणि बाईचं नाव नसे. नव्या दाखल्यात नाव आहे आणि रोग नाही. प्रत्येक काळाने आपल्याला हवं तेवढंच लिहिलं आणि पुढच्या पिढीला नेमकं दुसरंच हवं होतं.

म्हणून जाता जाता दोन विनंत्या. एक, घरात कुणी गेलं तर 21 दिवसांच्या आत नोंद करा आणि म्हातारीची नोंद म्हाताऱ्याइतक्याच तत्परतेने करा. तिच्या नावावर जमीन नाही म्हणून नोंद टाळू नका, कारण तिच्या लेकीला आणि नातीला ती उद्या लागेल. दोन, गावाच्या दप्तरात जुन्या वह्या असतील तर त्या वाळवीपासून वाचवा आणि गावातल्या एखाद्या तरुण पोराला किंवा पोरीला मोडी शिकवा. गेल्या दोन वर्षांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सगळ्यांनीच पाहिली. ज्या लिपीत आपले पूर्वज लिहिले गेले ती वाचायला बाहेरून माणूस आणावा लागतो, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.