कल्याण बंदर : दाखला कोणाचा?

कल्याणवरच्या विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांत एक वाक्य हमखास भेटते : ‘पेरिप्लसच्या काळी कल्याण भरभराटलेले बंदर होते.’ खाली तळटीप नुसती ‘पेरिप्लस’! आता तुम्हीच सांगा, वाचणाऱ्याने शोधायचे कुठे? हा पहिल्या शतकातला ग्रीक ग्रंथ, कर्ता अज्ञात. म्हणून भाषांतरकार, साल नि कलम द्यावे : शॉफ, १९१२, कलम ५२. आणि ते कलम उघडून पाहावे, बरं का! थोरल्या सारगनसच्या वेळी कल्याण रीतसर व्यापारपेठ होते. पण सँडरेसच्या ताब्यात गेल्यावर तिथला व्यापार फार अडला. तिथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचा धोका असे. म्हणजे तळटीपच वरच्या वाक्याला आडवी येते! कल्याणच्या वैभवाला आधार हवाच, तर कान्हेरीच्या लेण्यांतले शिलालेख आहेत; त्यांत कल्याणच्या दात्यांची नावे सापडतात. मात्र तिथेही लेखाचा क्रमांक हवा.