भाव ठरतो तिकडे, खाण इकडे

तुमसरच्या बाजारात धानाचा भाव शेतकऱ्याच्या तोंडावर पुकारला जातो. पटला नाही तर तो भांडतो, क्वचित पोती परतही नेतो. त्याच तुमसरहून तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथून शंभराहून अधिक वर्षं मँगनीज निघतं आहे. त्याचा भाव मात्र इथे कधीच पुकारला गेला नाही. मी तुमसरला अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. मागणीची रेषा उतरती, पुरवठ्याची चढती, दोन्ही छेदतात तिथे किंमत, एवढं फळ्यावर काढून झालं की मी मुलांना या खाणींचा इतिहास सांगतो. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरातलं कोणीतरी तिथे राबलेलं असतं. माझी आजी गोबरवाहीच्या बाजूला एका खाणीवर रेजा, म्हणजे मजूर बाई, होती.

आधी मागणीचं पाहू. पोलाद करताना लोखंडातलं गंधक आणि प्राणवायू काबूत आणायला मँगनीज लागतं. ते टनामागे काही किलोच लागतं, पण त्याला पर्याय नाही. म्हणून भाव दुप्पट झाला तरी पोलादवाला घेतोच, आणि भट्टीच थंड झाली तर फुकट दिलं तरी घेत नाही. पुस्तकात याला अलवचीक मागणी म्हणतात. अशा मालाचा भाव हळूहळू सरकत नाही, एकदम उसळतो आणि एकदम कोसळतो. त्यात गुंतणारा पैसाही तसाच येतो आणि तसाच जातो.

तो पैसा इथे आला ब्रिटनमधून. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झालं. पुढे त्याचं नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी झालं. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या तोंडावर खणणं सुरू झालं. या वर्षांकडे नीट पाहायला हवं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे मध्य प्रांताचे दोन भीषण दुष्काळ. म्हणजे भांडवल माल शोधत आलं त्याच वेळी पोटासाठी काहीही काम करायला तयार झालेली माणसं गावोगाव होती. आपण मालाच्या मागणी-पुरवठ्याचं बोलतो तेव्हा मजुरीच्या मागणी-पुरवठ्याचं बोलायचं राहून जातं. माझ्या मते या धंद्यातला पहिला नफा तिथून आला. माल बराचसा डोंगराच्या उघड्या अंगावर होता. त्यासाठी पहार, घन, टोपली आणि भरपूर हात एवढंच लागत होतं. बंगाल-नागपूर रेल्वे भंडाऱ्यातून आधीच गेली होती.

जगात तेव्हा मँगनीजचा मोठा पुरवठादार होता रशिया. कॉकेशसमधल्या चियातुराचा माल काळ्या समुद्रातून निघायचा. १९०४ साली रशिया-जपान युद्ध पेटलं, १९०५ साली रशियात क्रांतीचा उठाव झाला आणि तो पुरवठा विस्कटला. भाव चढले, आणि आपल्या टेकड्यांवर खाणपट्टे मागणाऱ्यांची झुंबड उडाली. भूवैज्ञानिक फर्मोर याच काळात इथल्या खाणी पायी धुंडाळत होता. त्याचा भारतातल्या मँगनीजवरचा प्रचंड ग्रंथ १९०९ साली निघाला, आणि गोंड लोकांवरून त्याने इथल्या एका खडकाला 'गोंडाइट' हे नाव दिलं. तेजी मात्र ग्रंथ निघेपर्यंत टिकली नाही. १९०७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये बँकांवर धाव पडली, पोलादाच्या ऑर्डरी आटल्या आणि पुढच्याच वर्षी भारताचं मँगनीज उत्पादन घसरलं. न्यूयॉर्कमध्ये ठेवीदार रांगेत उभे राहिले आणि तुमसरच्या बाजूच्या मजुराची हजेरी तुटली. हे बाजाराचं गणित मुलांना समजतं, कारण त्याचं दुसरं टोक त्यांना ठाऊक असतं.

भाव कसा सांगितला जायचा तेही सांगतो. दर टनाचा नव्हे, 'युनिट'चा असायचा. टनभर मालात एक टक्का मँगनीज म्हणजे एक युनिट, त्याचे अमुक पेन्स, आणि तेही इंग्लंडच्या बंदरात पोच. पन्नास टक्क्यांच्या मालाला पन्नास युनिटांचे पैसे. त्यातून बोटीचं भाडं, बंदराचा खर्च आणि रेल्वेचं भाडं वजा करत यायचं, आणि अगदी शेवटी जे उरेल ते खाणीच्या तोंडाशी. भाव पडला की बोट आणि रेल्वे आपलं भाडं सहजी सोडत नसत, म्हणून घट सरकत सरकत इथे येऊन थांबायची.

१९१४ साली दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद झाली, रशियाचा माल पुन्हा अडकला, इथलं महत्त्व पुन्हा वाढलं. १९२५ मध्ये अमेरिकन धनिक ॲव्हरेल हॅरिमनने चियातुराच्या खाणींचा सोव्हिएत सरकारशी करार केला. तो १९२८ मध्ये संपला, पण सोव्हिएत माल जगाच्या बाजारात परतला होता. त्यावर १९२९ ची मंदी आली. मध्य प्रांतातल्या खाणींवर शुकशुकाट पसरला. या भागातलं मँगनीज बाहेर काढता यावं हा विशाखापट्टणम बंदर बांधण्यामागचा एक मोठा हेतू होता, आणि ते बंदर उघडलं १९३३ मध्ये, अगदी या पडझडीत.

आजीच्या तोंडची तेजी १९५० नंतरची. शीतयुद्धात सोव्हिएत रशियाने अमेरिकेला मँगनीज देणं थांबवलं, कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिका साठे करू लागली. १९५३ साली भारताने सुमारे एकोणीस लाख टन मँगनीज काढलं. आजी सांगायची, धानाची रोवणी लागली की बाया बांधीत निघून जायच्या आणि मग मुकादम गावात येऊन विनवायचा. त्या थोड्या वर्षांत मजुराची मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त होती, म्हणून तो विनवत होता. पण मजुरी फोडून निवडलेल्या मालाच्या मापावर असायची, आणि माप घेणारा तोच. दशक संपता संपता मागणी ओसरली, ब्राझीलच्या आमापाचा माल बाजारात आला, पुढे गॅबनचाही. एका सोमवारी आजी कामावर गेली तर रेजांना काम नाही म्हणून सांगितलं. तिने ब्राझीलचं नाव कधी ऐकलं नव्हतं. आपल्या कामात काय कमी पडलं, असं ती म्हातारपणीही विचारायची, आणि ते आठवलं की मला आजही फार लागतं.

१९६२ साली करार होऊन मँगनीज ओर इंडिया लिमिटेड (मॉइल) ही कंपनी उभी राहिली. ५१ टक्के केंद्र आणि महाराष्ट्र, मध्य प्रदेश सरकारांचे, ४९ टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीचे. १९७७ मध्ये तेही सरकारने घेतले. डिसेंबर २०१० मध्ये तीन सरकारांनी मिळून २० टक्के हिस्सा ३७५ रुपयांच्या भावाने लोकांना विकला. मागणी सुमारे ५६ पट आली. विक्रीला माल थोडा आणि घेणारे अफाट, म्हणून पहिल्याच दिवशी शेअर पाचशेच्या वर उघडला. हा पैसा सरकारांच्या तिजोरीत गेला. विकलेले शेअर त्यांचे होते, नवी खाण खोदायला एक रुपया त्यातून आला नाही. या दोन गोष्टींमधला फरक मी वर्गात मुद्दाम समजावतो, कारण शेअर चढला म्हणजे कंपनीत पैसा आला असं मुलांना हमखास वाटतं.

मार्च २०२४ मध्ये मेगन नावाचं चक्रीवादळ ऑस्ट्रेलियाच्या ग्रूट आयलँडवर धडकलं, मँगनीजचा धक्का मोडला, जहाजं थांबली. काही आठवड्यांत जगात भाव चढले आणि मॉइलचा शेअरही. कॉकेशस होतं तिथे आता ग्रूट आयलँड आहे, एवढाच बदल.

बाकी एक बदल खरा आहे. मँगनीजवरचं स्वामित्वधन विक्रीच्या सरासरी किमतीच्या पाच टक्के असतं, आणि २०१५ च्या कायद्यानंतर जुन्या पट्ट्यांवर त्याच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला मिळते. पूर्वी भाव चढला की इथे काहीच थांबत नसे. आता थोडं थांबतं. पण ही रक्कम भावाशीच बांधलेली आहे. पडत्या वर्षी खाणीवरचं काम कमी होईल आणि गावाच्या शाळा-दवाखान्यासाठी येणारा निधीही नेमका तेव्हाच आटेल. म्हणून चढत्या वर्षांतला काही भाग वेगळा ठेवून तो पडत्या वर्षीच गोबरवाही, चिखला, डोंगरीच्या गावांत खर्च करावा, असं माझं म्हणणं आहे. ग्रामसभेत मी ते मांडलं आहे, पुन्हा मांडणार आहे.