जालीनूसची छिद्रं आणि आपली मुलं

इतवारीतल्या वर्गात मी मुलांना दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी लिहून देतो. मराठीत धमनी आणि शीर, उर्दूत शिरियान आणि वरीद. 'शुद्ध रक्त धमनीतून, अशुद्ध रक्त शिरेतून' हे वाक्य मुलांना तोंडपाठ असतं. फुप्फुसातून हृदयाकडे येणाऱ्या शिरा मात्र या नियमात बसत नाहीत. नावाने त्या शिरा, पण त्यांच्यातून वाहतं ते प्राणवायू घेतलेलं रक्त. म्हणूनच जुन्या तिब्बी ग्रंथांत तिला 'शिरियान-ए-वरीदी', म्हणजे शिरेसारखी धमनी, असं जोडनाव आहे. या नावामागे मोठा इतिहास आहे.

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन, म्हणजे आपल्या हकिमांचा जालीनूस. त्याचं म्हणणं असं, की हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त मधल्या पडद्यातल्या बारीक, न दिसणाऱ्या छिद्रांतून डाव्या कप्प्यात झिरपतं. हजारेक वर्षं हेच शिकवलं गेलं. इब्ने सीनाच्या 'अल-कानून'मध्येही हृदयाचं वर्णन बरंचसं याच वळणाचं आहे.

1242 मध्ये त्याच 'कानून'मधल्या शरीररचनेवर टीका लिहिताना इब्न अल-नफीसने हे नाकारलं. दमास्कसला शिकलेला आणि कैरोत नावाजलेला हा हकीम शाफिई फिकहचाही जाणकार होता. त्याने लिहिलं, की हा पडदा जाड आहे, त्यात दिसणारी किंवा न दिसणारी छिद्रं नाहीत. उजव्या बाजूचं रक्त फुप्फुसात जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि शिरियान-ए-वरीदीतून डावीकडे येतं. युरोपात सर्व्हेटसने हे 1553 मध्ये मांडलं आणि हार्वेचं पुस्तक 1628 मध्ये आलं. इब्न अल-नफीसचं लिखाण मात्र विस्मृतीत गेलं. 1924 मध्ये अल-ततावी या इजिप्शियन डॉक्टरला त्याचं हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात सापडलं, तेव्हा जगाला पुन्हा त्याची ओळख पटली.

ही गोष्ट जलशांत सांगताना आपली छाती फुगते, माझीही फुगायची. पण पुढची गोष्ट मला एका विद्यार्थिनीमुळे वाचावी लागली.

आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं श्वास घेत नाहीत, प्राणवायू वारेतून मिळतो. त्यामुळे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक झरोका खरोखरच असतो आणि जन्मानंतर तो मिटतो. फुप्फुसांच्या शिरांचंही तसंच. सुरुवातीला फुप्फुसातलं रक्त शरीराच्या इतर शिरांत जातं. चौथ्या आठवड्याच्या सुमारास हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यातून एक कोंब फुटतो आणि फुप्फुसाकडच्या शिरांच्या जाळ्याला जाऊन मिळतो. पुढे तो कप्प्यातच सामावतो, म्हणून शेवटी तिथे चार शिरा वेगवेगळ्या उघडतात. ही जोडणी पूर्ण चुकली तर सगळं शुद्ध रक्त उजवीकडे जातं. बाळ निळं पडतं आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बहुधा दगावतं. एखादीच शीर चुकली तर मूल वाढतं, खेळतं, फक्त लवकर दमतं.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं होतं. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेली ही योजना. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचारही मोफत. डॉक्टरांना पाचवीतल्या एका मुलीच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला आणि त्यांनी चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी तिचे अब्बा ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. आवाज खाली करून म्हणाले, "सर, मुलीची जात आहे. कागदावर नको. उद्या रिश्ता कोण आणेल?"

मी पटकन काही बोलू शकलो नाही. आदल्याच आठवड्यात मी इब्न अल-नफीसवर भाषण दिलं होतं आणि तेही समोर बसलेले होते. शेवटी मी एवढंच म्हणालो, "भाईजान, ज्या माणसासाठी आपण टाळ्या वाजवल्या, त्याने उस्तादाची गोष्टसुद्धा तपासल्याशिवाय मान्य केली नाही. आपण तर घाबरून लेकराला तपासायलाच नाही म्हणतोय."

ते गेले. तपासणीत वरच्या पडद्यात छिद्र निघालं आणि उजव्या फुप्फुसाची एक शीर भलत्या जागी उघडत होती. शस्त्रक्रिया झाली. पोरगी आता सातवीत आहे, आणि जिना चढताना थांबत नाही.

जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ जणांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. तो आईच्या चुकीने झाला असं समजू नये, कुणाच्या नजरेने तर नाहीच. दूध पिताना बाळाला घाम येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, वजन वाढत नसेल तर दुआ जरूर मागा, पण डॉक्टरकडे आधी जा. इब्न अल-नफीसने मरताना आपलं घर आणि किताबं कैरोच्या दवाखान्याला देऊन टाकली. त्याचं नाव घ्यायचं तर दवाखान्याची वाट आपल्यालाही माहीत असायला हवी.