माशी मरेपर्यंत थांबा: गव्हाच्या पेरणीची एक तारीख

आजचा भाग एका तारखेबद्दल आहे.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात गहू पेरणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या काउंटीची एक तारीख ठरवून दिलेली असते. राज्याच्या उत्तर टोकाला २२ सप्टेंबर, दक्षिण टोकाला ५ ऑक्टोबर, मधल्यांना मधल्या तारखा. त्याआधी पेरू नका, एवढंच सांगणं. पावसाचा अंदाज नाही, सणवार नाही. ही तारीख ठरली ती जेमतेम ३ मिलिमीटरच्या एका माशीमुळे.

आधी तिथला गहू समजून घेऊ. तो शरद ऋतूत पेरतात. रोप थोडं वाढतं, फुटवे धरतं आणि थंडीभर तसंच बसून राहतं. वसंतात पुन्हा जोर धरतं आणि उन्हाळ्यात कापणी होते. म्हणजे पीक जवळजवळ नऊ महिने रानात. सगळी भिस्त पहिल्या काही आठवड्यांवर.

आणि नेमकी त्याच आठवड्यांत ही माशी येते. हेसियन फ्लाय तिचं नाव. माशी म्हणतात खरं, पण दिसते डासासारखी. मादी गव्हाच्या कोवळ्या पानावर अंडी घालते. अळी पानावरून खाली सरकत बुडख्याशी जाते, पान आणि खोड यांच्या मधे बसून रस शोषते. वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. मग रोप खुजं राहतं, गडद हिरवं पडतं आणि पुष्कळदा मरतं. अळीचा कोष अगदी जवसाच्या दाण्यासारखा दिसतो. त्यातून निघालेल्या माश्या वसंतात पुन्हा अंडी घालतात, आणि तेव्हा उभी ताटं बुडाशी मोडून आडवी होतात.

नाव 'हेसियन' का? अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांनी जर्मनीतल्या हेसे भागातून भाड्याने सैनिक आणले होते. १७७६ मध्ये ते न्यूयॉर्कजवळ उतरले, आणि पुढच्या काही वर्षांत शेजारच्या लाँग आयलंडवर गहू बसू लागला. लोकांनी दोन गोष्टी जोडल्या: सैनिकांच्या अंथरुणातल्या पेंढ्यातून कीड आली. पुरावा कुणाकडेच नव्हता. जॉर्ज मॉर्गन नावाच्या शेतकऱ्याने पुढे सांगितलं की हे नाव आपण आणि एका मित्राने पाडलं. शत्रूचं नाव किडीला द्यायचं, म्हणजे राग कायम राहतो. आजच्या भाषेत ब्रँडिंगच!

मामला लवकरच राजकारणात गेला. १७८८ मध्ये ब्रिटनने अमेरिकन गव्हाला बंदरं बंद केली. सल्ला होता जोसेफ बँक्स या नामवंत निसर्गशास्त्रज्ञाचा. खरं तर अळी ताटाच्या बुडख्यात राहते, दाण्यात नाही. पण भीतीला एवढा तपशील कुठे लागतो? १७९१ मध्ये अमेरिकेतल्या फिलॉसॉफिकल सोसायटीने या माशीच्या अभ्यासासाठी समिती नेमली, तिच्यात थॉमस जेफरसन होता. तेव्हा तो परराष्ट्रमंत्री. त्याच उन्हाळ्यात जेम्स मॅडिसनला घेऊन तो न्यूयॉर्कच्या भागात फिरला आणि शेतकऱ्यांना विचारून माशीची टिपणं काढली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले दोघेजण गव्हाच्या किडीची चौकशी करत हिंडतायत, हे चित्र मला फार आवडतं.

आता खरी मेख. शरदातली मोठी माशी जेमतेम काही दिवस जगते. त्या दिवसांत तिला उगवलेला गहूच मिळाला नाही, तर पुढची पिढी जवळपास संपली. मग उशिरा पेरा, प्रश्न मिटला? तसं नाही ना. उशिरा पेरलं तर थंडीच्या आत मुळं आणि फुटवे धरत नाहीत, कडाक्यात रोपं मरतात. शिवाय उशिरा पिकणारा गहू तांबेऱ्याला जास्त सापडतो. लवकर पेरलं तर माशी, उशिरा पेरलं तर थंडी. मधे एक अरुंद फट, आणि ती प्रत्येक गावाची वेगळी. शंभर वर्षं शेतकरी ही फट अंदाजाने शोधत होते. चुकलं की वर्षाचं धान्य गेलं.

ही फट मोजली अँड्र्यू हॉपकिन्सने. माणूस मूळचा जंगलातल्या भुंगेऱ्यांचा अभ्यासक, वेस्ट व्हर्जिनियाचा. तिथे डोंगर आहेत, त्यामुळे एकाच राज्यात खाली आणि वर ऋतू वेगवेगळ्या दिवशी येतात. एकच तारीख सगळ्यांना सांगून भागणार नव्हतं. १९०० च्या सुमारास त्याने या माशीसाठी पेरणीच्या तारखा बसवायला घेतल्या, आणि १९१८ मध्ये त्यातून एक सर्वसाधारण नियम मांडला. उत्तरेकडे १ अंश अक्षांश, किंवा पूर्वेकडे ५ अंश रेखांश, किंवा ४०० फूट उंची, एवढं सरकलं की वसंतातल्या घटना ४ दिवस उशिरा घडतात. शरदात उलट, ४ दिवस लवकर.

म्हणजे हे चक्क एक फंक्शन आहे! ठिकाण द्या, तारीख घ्या. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे लगेच तपासून बघितलं. ओहायोचं दक्षिण टोक ते उत्तर टोक साधारण साडेतीन अंश. गुणिले ४, झाले १४ दिवस. आणि ५ ऑक्टोबर ते २२ सप्टेंबर हे अंतर? १३ दिवस.

आपल्याकडे रब्बी ज्वारीची पेरणी आजही उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या हिशोबाने बोलली जाते. तीही एक तारीखच, पण ओल धरण्यासाठीची. आणि खरीप ज्वारीत खोडमाशी चुकवायची तर सल्ला बरोबर उलटा असतो: पाऊस झाला की लवकर पेरा. तिथे थांबून माशी चुकवायची, इथे घाई करून.

नंतर माशीला दाद न देणाऱ्या गव्हाच्या जाती आल्या. पण माशीही बदलते, आणि एकेका जातीचा प्रतिकार काही वर्षांनी ढिला पडतो. त्यामुळे तारीख टिकून राहिली, कारण तिला पैसे पडत नाहीत. जॉर्जियासारख्या दक्षिणेकडच्या उबदार सखल भागात मात्र ती कधीच नीट लागू पडली नाही. तिथे शरदात माशी थांबेल अशी थंडी वेळेवर पडतच नाही.

आणि आता हा प्रश्न उत्तरेकडेही सरकलाय. कॅन्ससमध्ये गंधाचे सापळे लावून बघितलं, तर नेमून दिलेल्या तारखेनंतरही माश्या उडत होत्या. त्यामुळे तिथल्या विद्यापीठाने 'माशीमुक्त तारीख' हे नावच बाजूला ठेवलं. आता ते तिला कीड-नियंत्रणाच्या दृष्टीने पेरणीची सगळ्यात बरी तारीख म्हणतात. शेतकऱ्याला सोबत आणखी एक काम सांगितलं जातं: पेरणीच्या किमान दोन आठवडे आधी, मागच्या हंगामात सांडलेल्या दाण्यांतून आपोआप उगवलेला गहू रानातून काढून टाका. माशी पहिल्यांदा तिथेच उतरते.