निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण (महाराष्ट्र)

निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण म्हणजे मासिक निवृत्तिवेतनाचा काही भाग सोडून देऊन त्याच्या मोबदल्यात एकरकमी राशी घेणे होय. महाराष्ट्रात ही तरतूद महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण) नियम, १९८४ यांनुसार अमलात आहे. मूळ निवृत्तिवेतनाच्या कमाल ४० टक्के भागाचे अंशराशीकरण करता येते. ते बंधनकारक नाही. मात्र एकदा अंतिम झालेला पर्याय मागे घेता येत नाही.

गणना

सोडलेली मासिक रक्कम, १२ आणि वयानुसार ठरलेला गुणक यांचा गुणाकार म्हणजे अंशराशी. गुणकासाठी पुढील वाढदिवसाचे वय धरले जाते. ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यास ५९ वर्षांचा गुणक, म्हणजे ८.३७१, लागू होतो.

बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटसारख्या गावातील जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकास ३०,००० रुपये मूळ निवृत्तिवेतन बसले असे मानू. त्याने ४० टक्के, म्हणजे १२,००० रुपये सोडल्यास त्यास १२,०५,४२४ रुपये मिळतात व मासिक निवृत्तिवेतन १८,००० रुपये उरते. महागाई भत्ता मात्र मूळ ३०,००० रुपयांवरच मिळत राहतो. ही बाब पुष्कळदा लक्षात घेतली जात नाही, त्यामुळे कपात आहे त्याहून मोठी वाटते.

पुनःस्थापना

सोडलेला भाग १५ वर्षांनंतर पूर्ववत सुरू होतो. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर १९८६ रोजी दिलेल्या निर्णयाने केंद्रीय निवृत्तांच्या बाबतीत ही मुदत रूढ झाली. वरील उदाहरणात साडेआठ वर्षांच्या आतच अंशराशीइतकी रक्कम कापली जाते आणि १५ वर्षांत एकूण कपात २१,६०,००० रुपये होते. निवृत्तांच्या संघटनांचा आक्षेप याच फरकावर आहे. तथापि हा सर्व फरक नफा समजणे योग्य नाही, कारण त्यात आगाऊ दिलेल्या रकमेवरील व्याज व मृत्यूची जोखीम अंतर्भूत आहे. निवृत्त व्यक्तीचे १५ वर्षांच्या आत निधन झाल्यास उर्वरित रकमेची वसुली होत नाही आणि कुटुंब निवृत्तिवेतनही घटत नाही.

पर्यायाची निवड

पूर्ण १५ वर्षे हयात राहणाऱ्यास वरील व्यवहार सुमारे ८.७ टक्के वार्षिक व्याजाच्या कर्जाइतका पडतो. टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के होता. म्हणजे केवळ ठेवीत गुंतविण्यासाठी अंशराशी घेणे दीर्घायुषी व्यक्तीस फारसे लाभाचे ठरत नाही. घराचे किंवा अधिक व्याजाचे कर्ज फेडायचे असल्यास, अथवा प्रकृती नाजूक असल्यास, चित्र पालटते. शासकीय कर्मचाऱ्याची अंशराशी प्राप्तिकरातून पूर्णतः मुक्त असते, हाही विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे. शिवाय ४० टक्के ही मर्यादा आहे, सक्ती नव्हे; कमी टक्केवारीही मागता येते.

निवृत्तीपासून एक वर्षाच्या आत अर्ज केल्यास वैद्यकीय तपासणी लागत नाही. त्यानंतर ती आवश्यक ठरते.

२००५ नंतरचे कर्मचारी

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांना परिभाषित अंशदान योजना व पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. तीत अंशराशीकरण नाही. निवृत्तीच्या वेळी संचित रकमेपैकी ६० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते व किमान ४० टक्क्यांतून वार्षिकी घ्यावी लागते. जुन्या योजनेच्या मागणीसाठी राज्यातील कर्मचाऱ्यांनी १४ मार्च २०२३ पासून संप केला, तो २० मार्च रोजी मागे घेण्यात आला.