हृदयशस्त्रक्रियेत मूत्रपिंडाचे रक्षण : ॲमिनो आम्लांचा आधार किती?

हृदयावरील शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी पुढील काही दिवसांत मूत्रपिंडाचे कार्य अचानक मंदावण्याचा धोका उरतो. रक्तातील क्रिएटिनिन ४८ तासांत डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढले, तरी वैद्यकीय निकषांनुसार ती मूत्रपिंडाची तीव्र इजा ठरते. वाढ किरकोळ भासते. पण अशा रुग्णांचा रुग्णालयातील मुक्काम लांबतो, मृत्यूचा धोका वाढतो आणि काहींना डायलिसिस करावे लागते.

हृदय थांबवून शस्त्रक्रिया करताना रक्ताभिसरण हृदय-फुफ्फुस यंत्राकडे सोपवले जाते. या काळात रक्त पातळ होते, लाल पेशी फुटतात, शरीरात दाह निर्माण होतो. मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला एरवीही प्राणवायू जेमतेमच मिळत असल्याने त्याची झळ तिथे लवकर पोहोचते.

यावर औषध शोधण्याचे प्रयत्न दीर्घकाळ निष्फळ ठरले. एकेकाळी कमी मात्रेतील डोपामाइन सर्रास दिले जाई. त्याने लघवी वाढे, मूत्रपिंड मात्र वाचत नसे.

या पार्श्वभूमीवर २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी महत्त्वाची ठरते. प्रथिनयुक्त आहारानंतर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणि गाळणक्षमता वाढते, हे शरीरशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक होते. याच राखीव क्षमतेला जागे करण्यासाठी तीन देशांतील ३,५११ रुग्णांपैकी निम्म्यांना शिरेवाटे कमाल तीन दिवस ॲमिनो आम्ले देण्यात आली. उरलेल्यांना साधे क्षारद्रावण. इजेचे प्रमाण क्षारद्रावण गटात ३१.७ टक्के, तर ॲमिनो आम्ल गटात २६.९ टक्के आढळले. सर्वांत गंभीर इजा ३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आली. तीस दिवसांतील मृत्यूंच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही, ही मर्यादा दुर्लक्षून चालणार नाही.

त्यामुळे जुनी दक्षता कालबाह्य होत नाही. रक्तदाब व रक्तातील साखर सांभाळणे, यंत्रावर असताना प्राणवायूचा पुरवठा पुरेसा ठेवणे, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके टाळणे हे उपाय कायम आहेत. अँजिओग्राफीतील रंगद्रव्याचाही मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. म्हणून प्रकृती थांबू देत असेल, तर लगेच शस्त्रक्रिया करायची की काही दिवसांनी, याचा निर्णय डॉक्टर क्रिएटिनिन पाहून घेतात. इजा झालेल्या रुग्णाची तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी व्हावी, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे.